करंगळीचे सात टक्के

आपल्या वस्तीत माणसाचं कौतुक कशावरून होतं ते जरा आठवून पाहा. "लय सोसलं बिचाऱ्यानं." मयतीला आलेला माणूस हेच म्हणतो. माझ्या आज्याबद्दल म्हणाले. माझ्या मायबद्दल तर ती जिवंत असतानाच म्हणायला लागलेत. सातबारा आपल्या नावावर नाही, पण सोसणं पिढीजात आपल्या नावावर चढवलेलं आहे. त्याची फेरफार नोंद कुणी रद्द करत नाही. मला या कौतुकाचा राग येतो. दोन वर्षं एक दुखरा हात घेऊन फिरतोय, तेव्हापासून जास्तच येतो.

आधी हकीकत सांगून मोकळा होतो. मी अनसिंगचा. जिल्हा वाशीम. 1998 च्या आधी जिल्हा अकोला होता, म्हणून म्हातारी माणसं अजून मोठ्या कामाला "अकोल्याले जातो" म्हणतात. दहावीनंतर शाळा सुटली. पुढचं वाचन विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांवर. कापूस यायला लागला की जिनिंगवर कामाला जातो. रेच्यावर कापूस पडतो, चामड्याचा रूळ रुई ओढून घेतो, सरकी खाली गळते. रुई नाकात, कानात, भाकरीत. जानेवारी 2024 मध्ये रात्रपाळीला पट्ट्यात रुई अडकली. मशीन बंद न करता काढायची, असा मुकादमाचा कायमचा हुकूम. पट्ट्याला जाळी नव्हती. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 21 प्रमाणे फिरत्या भागाला कुंपण पाहिजे होतं, ते मी नंतर वाचलं. उजवा हात आत गेला. मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडली. करंगळी मुळापासून गेली. यावर कविता करायची तर कुणीही करावी, मला जमली नाही.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. केसपेपर करणाऱ्यानं आडनाव विचारलं, ऐकलं, लिहिलं. हात तपासणाऱ्या डॉक्टरनं तो कागद पाहिला. मी ओरडत होतो. तो शेजारच्या नर्सला शांतपणे म्हणाला, "यांना सोसायची सवय असते. काटक असतात ही माणसं." त्याच्या आवाजात तिरस्कार नव्हता, हे मुद्दाम सांगतो. उलट थोडं कौतुकच होतं. आणि त्या कौतुकापोटी माझं दुखण्याचं इंजेक्शन संध्याकाळपर्यंत लांबलं. पलीकडच्या खाटेवर एका दुकानदाराचा पाय मोडलेला. त्याला आल्या आल्या सुई मिळाली. मिळायलाच पाहिजे होती. त्याचाही पाय दुखतच होता.

तेव्हा वाटलं, हे माझंच नशीब. पुढं हात गळ्यात बांधून पडलो असताना फोनवर वाचत गेलो आणि कळलं की हे दूरवरही चालतं. अमेरिकेत अटलांटा शहर आहे, मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मगाव. तिथल्या एका दवाखान्यात हाड मोडून आलेल्या रुग्णांचे कागद तपासले गेले, 2000 साली ते छापून आलं. गोऱ्यांपैकी 74 टक्क्यांना दुखण्यावर औषध मिळालं होतं, काळ्यांपैकी 57 टक्क्यांना. दुखण्याच्या तक्रारी मात्र दोघांच्याही कागदावर सारख्याच. मग 2016 साली व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना काही विधानं दिली. काळ्या माणसाची कातडी जाड असते, असली. निम्म्याच्या आसपास पोरांनी असल्या एखाद्या तरी खोट्या गोष्टीला होकार दिला. ज्यांचा अशा गोष्टींवर विश्वास होता, त्यांनी काळ्या रुग्णाचं दुखणं कमी धरलं. शिकलेली पोरं ही! 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. तेव्हाच्या पोरांना हे आकडे माहीत असायचं कारण नाही, पण नातं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. जाड कातडी तिकडं, काटक हाडं इकडं. आपल्याकडे केसपेपरवर जात लिहीत नाहीत. आडनाव पुरतं.

हाडात पट्टी अन् स्क्रू घातले. दीड महिना हात बांधलेला. सोडला तेव्हा तो माझा वाटत नव्हता. सुजलेला, चकचकीत, घामेजलेला. मूठ मिटायची म्हटलं तर बोटं लाकडाची. वारा लागला तरी आग.

गावात सल्ला देणाऱ्यांची कमी नाही. एकजण सुई देणारा आहे, डॉक्टर नाही, पण त्याच्याकडं रांग असते. एक सुई घेतली की तीन तास माणूस देवासारखा. रोज जाणारे आहेत. निंदण करणाऱ्या बाया कंबरेसाठी जातात, हमाल खांद्यासाठी. हाजरी बुडू नये म्हणून सुई. हे मी नुसतं हसण्यावारी नेणार नाही, कारण ज्याला दवाखाना वीस किलोमीटरवर आहे आणि एक दिवस गेला की मजुरी गेली, त्याला दुसरं जवळ काय आहे? पण त्या सुईत बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक असतं किंवा त्याचं भावंडं. उपाशी पोटी, रोज, महिनोन्‌महिने घेतलं तर पोटात जखम करतं, मूत्रपिंड खातं. माझा आजा सांगायचा, मेलेलं ढोर गावाबाहेर ओढून टाकलं की आभाळ गिधाडांनी काळं व्हायचं. ते ओढायचं काम कुणाच्या वाट्याला होतं आणि ते कुणी सोडलं, ते तुम्हाला सांगायला नको. मी माझ्या जन्मात गिधाड पाहिलं नाही. ती गेली याच औषधानं. दुखणाऱ्या ढोराला डायक्लोफेनॅकची सुई द्यायचे, ते ढोर मेलं की गिधाडं खायची, अन् त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. 2006 साली सरकारनं जनावरांसाठी ते औषध बंद केलं. माणसाला ते द्यायला हरकत नाही, डॉक्टरच्या हिशेबानं, थोडे दिवस. हिशेब न ठेवता देणाऱ्याच्या रांगेत आपण उभे असतो, एवढंच सांगायचंय.

फिजिओथेरपीच्या मॅडमकडं मी पहिल्यांदा गेलो तो एका ओळखीच्या कार्यकर्त्यानं ढकलला म्हणून. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी हात हातात घेतला आणि विचारलं, "दादा, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. आता किती?" मी म्हटलं, "चालते." त्या म्हणाल्या, "चालते हा आकडा नाही."

खरं सांगतो, मला आकडा येईना. चोवीस वर्षांत माझ्या दुखण्याला कुणी आकडा मागितला नव्हता. मजुरी किती, गाठी किती झाल्या, किलो किती, हे सगळे आकडे येतात. मी सहा म्हटलं. मग त्यांनी बोट वाकवलं, मी आठ म्हटलं. त्या तिथंच थांबल्या. कुणीतरी माझ्या शब्दावर थांबतं, हा अनुभव नवा होता.

त्यांनी जे शिकवलं ते लिहून ठेवतो, कारण आपल्यातल्या किती जणांचे हातपाय बांधकामावर, ऊसतोडीत, मळणीयंत्रात मोडतात अन् प्लास्टर सुटलं की "झालं बरं" म्हणून सोडून दिले जातात. बरं तिथून सुरू व्हायचं असतं. बांधून ठेवलेल्या सांध्याभोवतीचं आवरण आखडतं, बोटं ओढणाऱ्या दोऱ्या जखमेच्या वणाला चिकटतात. हलवलं तर दुखतं, न हलवलं तर कायमचं आखडतं. म्हणजे दुखण्यातून जावंच लागतं, पण किती, हे मोजून. त्यांचा हिशेब साधा होता. व्यायाम करताना ताण लागेल, चार-पाचपर्यंत दुखेल, पण तास-दोन तासांत ते उतरलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली असेल, रात्रभर ठणकलं असेल, तर काल जास्त झालं, आज कमी करायचं. सोडायचं नाही, कमी करायचं. दिवसातून एकदा तासभर हाणण्यापेक्षा पाच-सहा वेळा दहा-दहा मिनिटं. आधी कोमट पाण्यात हात. मग बोटं आकड्यासारखी, मग अर्धी मूठ, मग पुरी मूठ. ओलं फडकं पिळायचं. बाकी वेळ हात उशीवर, छातीपेक्षा वर.

आणि गोळी. इथं माझं त्यांच्याशी भांडण झालं. मी गोळी घेत नव्हतो. गोळी घेणं म्हणजे हार, असं मनात बसलेलं. त्या म्हणाल्या, "दुखणं असह्य झाल्यावर गोळी घेऊन काय उपयोग? व्यायामाच्या पाऊण तास आधी घ्या. गोळी हात हलवण्यासाठी आहे." साधी पॅरासिटामॉल. ती आपली ओळखीची, पण तिलाही हद्द आहे. मोठ्या माणसानं दिवसभरात 4 ग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्या, दोन वेळांत किमान चार तासांचं अंतर. दारू पिणाऱ्याला किंवा लिव्हर खराब असणाऱ्याला त्याहून पुष्कळ कमी, डॉक्टरला विचारूनच. सर्दीच्या, तापाच्या गोळ्यांतही तीच असते, ती धरून मोजायचं. गोळी घेऊन त्या दिवशी पहिल्यांदा मधलं बोट तळव्याला टेकलं. आठ दिवस नुसतं सोसून ते टेकलं नव्हतं.

माय रात्री हाताला चोळून द्यायची, फुंकर घालायची. मी चिडायचो, "माय, फुंकरीनं काय होते?" तर होतं म्हणे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी 1965 साली मांडलं की पाठीच्या कण्यात दुखण्याच्या वाटेवर जणू एक फाटक आहे. चोळण्याचा, उबेचा, स्पर्शाचा निरोप त्याच फाटकातून जातो, तो जोरात गेला की दुखण्याच्या निरोपाला वाट कमी मिळते. पुढं त्यात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मूळ गोष्ट टिकली. मायला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता तरी गप बस."

सगळ्यात विचित्र होतं ते करंगळीचं. ती नाही. पण दुखायची तीच. रात्री असं वाटायचं की ती तळव्यात वाकून रुतली आहे आणि मला ती सरळ करता येत नाही. मला वाटलं, डोकं फिरलं. कुणाला सांगितलं नाही. मॅडमनी आपणहून विचारलं, "नसलेलं बोट दुखतं का?" तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेंदूत सगळ्या अंगाचा नकाशा असतो, बोट गेलं तरी नकाशातली जागा जात नाही, असं त्यांनी सांगितलं. व्ही. एस. रामचंद्रन नावाच्या शास्त्रज्ञानं 1990 च्या दशकात यावर आरशाची युक्ती काढली. चांगला हात आरशासमोर, दुखरा आरशामागं. आरशात पाहत चांगला हात उघड-मीट करायचा. डोळ्याला वाटतं, दुसराच हात हलतोय. आमच्या घरी दाढीचा आरसा होता, तो लहान पडला. वैनीनं तिच्या लग्नातला आणून दिला. रोज पंधरा मिनिटं. बघणाऱ्या पोरांना गंमत. सगळ्यांना याचा गुण येतो असं नाही. मला तीन आठवड्यांनी रुतलेली करंगळी सुटल्यासारखी वाटली. अजून कधीमधी येते, थंडीत जास्त.

विहारातले एक वडीलधारे उपासक, माणूस लाखमोलाचा, मला दोन बाणांची गोष्ट सांगायला आले. बुद्धानं सांगितली आहे. माणसाला एक बाण लागतो, तो शरीराचा. मग तो शोक करतो, तळमळतो, तो दुसरा बाण. शहाणा दुसरा लागू देत नाही. मी ऐकून घेतलं आणि खरंच विचार केला. त्यात तथ्य आहे. रात्री तीन वाजता हातापेक्षा "आता माझं काय होईल" हे जास्त टोचतं, आणि श्वासाकडं लक्ष दिलं की हात तेवढाच दुखतो, पण मी कमी दुखतो. तरी मी त्यांना म्हटलं, "बाबा, दुसरा बाण दरवेळी आपणच मारून घेतो असं नाही. मला एक डॉक्टरनं मारला, एक मुनीमानं मारला." ते हसले. म्हणाले, "ते उपटायले संघटना लागते, लेकरा. मी रात्रीचं सांगून राह्यलो."

त्यांनीच पुढं म्हटलं, बाबासाहेबांनी किती सोसलं बघ. इथं मात्र मी त्यांना अडवलं. आपण बाबासाहेबांच्या दुखण्याचीही सोसण्याची कथा करून टाकतो. 1948 च्या सुरुवातीला पायांच्या वेदनेनं त्यांना झोप नव्हती, मधुमेह होता, आणि त्याच दिवसांत घटनेचा मसुदा पुरा होत होता, फेब्रुवारीत तो सादर झाला. हे खरं. पण त्यांनी इलाज केला. मुंबईला जाऊन डॉक्टरांकडं उपचार घेतले. तिथंच डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली, त्याच पुढं माईसाहेब झाल्या. शेवटच्या रात्री, 5 डिसेंबर 1956 ला, नानकचंद रत्तू त्यांचे पाय दाबत होते. पाय दुखतात हे त्यांनी लपवलं नाही. दुखणं मागच्या जन्माचं फळ आहे, ही समजूत तर त्यांनी आपल्या शेवटच्या ग्रंथात मोडून काढली. मग आपण कुणाच्या नावानं दात दाबून बसतो?

आता कायद्याचं. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात होते, 1942 ते 1946. कामगार विम्याची आखणी त्याच काळात झाली, अडारकरांचा अहवाल 1944 चा. त्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा आला. आजारपणात पगार, दवाखाना, सगळं. मी आनंदानं पान उलटलं तर पुढं हंगामी कारखान्याची व्याख्या. हंगामी कारखान्याला हा विमा नाही. आणि त्या व्याख्येत पहिलंच नाव कापसाच्या जिनिंगचं! 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. ही व्याख्याही सोबत गेली. कापूस हंगामी, म्हणून आमचे हातही हंगामी.

उरतो नुकसानभरपाईचा कायदा, 1923 चा, तोही आता त्याच संहितेत. त्यात अवयवांची यादी आहे. अंगठा 30 टक्के. तर्जनी पुरी गेली तर 14. मधलं बोट 12. करंगळी 7. हिशेब असा: पंचवीस वर्षांच्या माणसाचा पगार महिना 9,000 धरला, तर त्याचे 60 टक्के 5,400, त्याला वयाचा आकडा 216.91 नं गुणायचं, त्याचे 7 टक्के. सुमारे 82 हजार रुपये करंगळीचे. कंत्राटदाराचा माणूस असला तरी जबाबदारी मूळ मालकावर, आणि 2009 च्या दुरुस्तीनंतर इलाजाचा खराखुरा खर्चही त्याच्यावर. हे पाठ करून ठेवा, कारण मला पहिल्यांदा सांगितलं गेलं ते "तू आमचा माणूसच नाही."

यादीत नसलेल्या इजेचे टक्के डॉक्टर ठरवतो, कमाईची ताकद किती गेली ते पाहून. मनगट किती वाकतं, मूठ किती मिटते ते मोजून. दुखणं मोजायचा रकाना कुठंच नाही. बोट गेलं तर 7 टक्के, गेलेलं बोट दुखतं त्याचे शून्य.

आणि यातून जो पेच पडला तो मला अजून सुटलेला नाही. आत्या एक दिवस दार लावून म्हणाली, "अबे, हात आताच काहून हालवतं? सर्टिफिकेट निघू दे. आखडला तेवढे टक्के जास्त. मंग हालव." तिची थट्टा करू नका. तिनं नवऱ्याचा पाय गेलेला पाहिलाय, एक रुपया न मिळता. तिचा हिशेब बरोबर होता. हात जितका सुधारेल तितके पैसे कमी. दुसऱ्या बाजूनं मुनीम बाजारात सांगत फिरत होता, "टक्के वाढवायला दुखतं दुखतं करतो." म्हणजे दुखतं म्हटलं तर लबाड. नाही म्हटलं तर काटक, मग इलाज कशाला? आणि व्यायाम करून हात बरा केला तर नुकसानच झालं नाही.

मी आठ दिवस घोळवलं. मॅडमनी सांगितलं होतं की सुरुवातीचे महिने गेले की गेलेली हालचाल परत आणणं फार कठीण. सर्टिफिकेट थांबेल, सांधा थांबत नाही. मी हालवत राहिलो. मालकाला उपकार म्हणून नाही. या हातानं मी लिहितो, आणि लिहिण्याचे टक्के कुठल्याच यादीत नव्हते म्हणून ते मलाच ठरवायचे होते. पण वहीत रोजचा आकडा मांडला: सकाळी किती, व्यायामानंतर किती, रात्री किती, गोळ्या किती, झोप किती तास. मॅडमनी त्या वहीवर तारखेसह सह्या केल्या. वकिलांनी ती दाव्याला जोडली. ती धरतील की नाही, माहीत नाही. समोरच्या वकिलानं विचारलं, "हे आकडे तुम्हीच लिहिलेत ना?" मी म्हटलं, "हो. दुखत मलाच होतं."

दाव्याचा निकाल लागायचाय. मूठ मिटते, पण तीन बोटांची अन् ढिली. मनगट अर्ध्यावर थांबतं. डिसेंबरात सकाळी पाच, दुपारी दोन. पेन धरता येतो, अर्ध्या पानानंतर हात झटकावा लागतो. जिनिंगवर यंदा गेलो नाही. डाळमिलमध्ये वजनकाट्यावर बसतो, मजुरी कमी.

तुमच्या गावात जिनिंग, डाळमिल, तेलघाणी असेल तर एक काम करा. कुणाचं बोट गेलंय, कुणाचा खांदा, किती साली, पट्ट्याला जाळी होती का, सुई किती दिवसांनी मिळाली, पैसे किती मिळाले, आणि आज दहापैकी किती दुखतं, हे त्यांच्याच तोंडून विचारून लिहून पाठवा. नाव घालायला नको असेल तर नुसतं गाव लिहा. "चालते" असं कुणी म्हटलं तर पुन्हा विचारा.